घड्याळ, क्रम आणि पंच : हिवाळी ऑलिंपिकमधील स्त्रियांच्या शॉर्ट ट्रॅक शर्यतींचा इतिहास

(१)

शर्यतीत जो अंतिम रेषा प्रथम ओलांडतो तो विजयी, हे विधान इतके स्वयंसिद्ध वाटते की, त्यालाही काही इतिहास असू शकेल अशी शंका सहसा कोणास येत नाही. परंतु २४ फेब्रुवारी २०१० रोजी कॅनडातील व्हँकूव्हर येथे स्त्रियांच्या ३००० मीटर शॉर्ट ट्रॅक रिले शर्यतीत जे घडले, त्यावरून हे विधान तपासून पाहणे अवश्य ठरते. त्या दिवशी दक्षिण कोरियाच्या चमूने रेषा प्रथम ओलांडली आणि आनंदोत्सवास प्रारंभही केला. काही मिनिटांनी पंचांचा निर्णय जाहीर झाला : शर्यतीच्या उत्तरार्धात कोरियन स्पर्धक किम मिन-जुंग हिने चीनच्या सुन लिनलिन हिला अडथळा केला, सबब कोरियाचा चमू बाद. सुवर्णपदक चीनला मिळाले. रौप्यपदक कॅनडाला आणि ब्राँझपदक अमेरिकेला. १९९४, १९९८, २००२ आणि २००६ या लागोपाठच्या चार ऑलिंपिकांत हीच शर्यत जिंकणाऱ्या कोरियाची परंपरा अशा रीतीने खंडित झाली. ती खंडित करणारा निर्णय पंचांच्या मेजावर झाला, बर्फावर नव्हे.

हा निर्णय योग्य होता किंवा नाही याची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. विषय आहे तो असा : विजय ठरविण्याचे काम घड्याळाने करावे, धावणाऱ्यांच्या क्रमाने करावे, की नियमांचा अर्थ लावणाऱ्या पंचाने करावे? बर्फावरील शर्यतींच्या इतिहासात या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत. विशेष हे की, त्या उत्तरांचा स्त्रियांना खेळात स्थान केव्हा व कसे मिळाले याच्याशी निकटचा संबंध आहे. तो संबंध स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

(२)

बर्फावरील वेगाच्या शर्यतींच्या दोन परंपरा आहेत. युरोपीय परंपरेत दोनच स्पर्धक एका वेळी धावतात. प्रत्येकाची मार्गिका स्वतंत्र असते, आणि सर्व जोड्या धावून झाल्यावर घड्याळाच्या नोंदींची तुलना करून विजेता ठरविण्यात येतो. १८९२ मध्ये नेदरलँड्समधील शेव्हेनिंगेन येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने हीच पद्धती प्रमाण मानली. उत्तर अमेरिकेत मात्र सर्व स्पर्धकांना एकाच वेळी सोडावयाचे आणि जो पुढे येईल त्याला विजयी म्हणावयाचे, अशी प्रथा रूढ झाली होती. पहिल्या पद्धतीत प्रतिस्पर्धी हा जवळजवळ अदृश्य असतो; दुसरीत तो खांद्याला खांदा लावून उभा असतो. पहिलीत बळ आणि सातत्य यांची कसोटी लागते, तर दुसरीत त्यांच्या जोडीला प्रसंगावधान, डावपेच आणि काही प्रमाणात धाडसही लागते.

या दोन परंपरांची ऑलिंपिकमधील पहिली ठळक गाठ १९३२ मध्ये अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे पडली. यजमानांनी शर्यती अमेरिकन पद्धतीने घेतल्या. फिनलंडचा नामवंत विजेता क्लास थुनबेर्ग याने तेथे जाण्याचेच नाकारले. पुरुषांच्या चारही शर्यती जॅक शे आणि अर्व्हिंग जाफी या दोघा अमेरिकनांनी प्रत्येकी दोन याप्रमाणे जिंकल्या. हा वाद क्रीडेतिहासात बऱ्यापैकी परिचित आहे. परंतु त्याच वेळी, त्याच बर्फावर स्त्रियांच्या तीन शर्यती झाल्या, ही गोष्ट त्या मानाने विस्मृतीत गेली आहे. त्या केवळ प्रदर्शनार्थ होत्या; त्यांना पदकांच्या यादीत स्थान नव्हते. ५०० मीटर शर्यत कॅनडाच्या जीन विल्सनने, १००० मीटर एलिझाबेथ ड्युबॉइसने आणि १५०० मीटर किट क्लाइनने जिंकली. शेवटच्या दोघी अमेरिकन होत. भाग घेणाऱ्या सर्व स्त्रिया या दोनच देशांच्या होत्या.

हे दोन देशच का, या प्रश्नाचे उत्तर अंशतः परंपरेच्या स्वरूपात आहे. सर्वांनी एकत्र धावण्याची शर्यत हा गावच्या तळ्यावरील उत्सवाचा भाग होता. तिला अचूक घड्याळे, आखीव मार्गिका आणि अधिकृत नोंदवह्या यांची तेवढी गरज नव्हती. जेथे खेळ उत्सवाच्या जवळ राहतो तेथे स्त्रियांना त्यात प्रवेश मिळणे तुलनेने सुलभ असते. जेथे तो नोंदवहीच्या स्वाधीन होतो, तेथे कोणाची नोंद करावयाची हा अधिकाराचा प्रश्न बनतो. हे अनुमान आहे, आणि ते अनुमान म्हणूनच येथे मांडले आहे. तथापि पुढील घटनाक्रम त्याला पुष्टी देणारा आहे.

स्त्रियांची अधिकृत जागतिक स्पर्धा १९३६ मध्ये स्टॉकहोम येथे झाली व तीत किट क्लाइनच विजयी ठरली. ऑलिंपिकचे दार मात्र बंदच राहिले. पुरुषांच्या स्केटिंग शर्यती १९२४ च्या शामोनी येथील पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून अधिकृत होत्या. स्त्रियांच्या शर्यतींना तो दर्जा १९६० मध्ये स्क्वॉ व्हॅली येथे मिळाला. म्हणजे हे अंतर ३६ वर्षांचे आहे. जीन विल्सन तर लेक प्लॅसिडनंतर वर्षभरातच, १९३३ मध्ये, तरुण वयात मरण पावली. तिच्या विजयाची नोंद ‘प्रदर्शन’ या सदराखालीच राहिली.

(३)

घड्याळाच्या परंपरेने ऑलिंपिकवर पूर्ण ताबा मिळविल्यानंतर अमेरिकन परंपरा नाहीशी झाली नाही. ती बंदिस्त सभागृहात शिरली. आइस हॉकीसाठी बांधलेले ६० मीटर लांब व ३० मीटर रुंद मैदान शहरोशहरी उपलब्ध होते. त्यावर १११.१२ मीटर परिघाचा लंबवर्तुळाकार मार्ग आखून एकत्र धावण्याच्या शर्यती होऊ लागल्या. यालाच शॉर्ट ट्रॅक म्हणतात. आंतरराष्ट्रीय संघाने १९६७ मध्ये या प्रकारास आपल्या कक्षेत घेतले. १९७६ मध्ये अमेरिकेतील शॅम्पेन येथे पहिली आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली, आणि १९८१ मध्ये फ्रान्समधील मदाँ येथील स्पर्धेपासून तिला अधिकृत जागतिक स्पर्धेचे स्वरूप आले.

या मार्गाची रचना नीट ध्यानात घेतल्याखेरीज पुढील विवाद समजणार नाहीत. दीर्घ मार्गाचा परिघ ४०० मीटर असतो. येथे तो त्याच्या जवळपास चतुर्थांश आहे. वळणाची त्रिज्या अवघी ८ मीटर. प्रत्येक वळणावर सात सुटे ठोकळे मांडलेले असतात व त्यांच्या आतून जाण्यास मनाई असते. ५०० मीटर म्हणजे साडेचार फेरे, १००० मीटर म्हणजे नऊ, १५०० मीटर म्हणजे साडेतेरा, आणि स्त्रियांची ३००० मीटर रिले म्हणजे २७ फेरे. वळणावर शरीर इतके कलते की डाव्या हाताची बोटे बर्फाला टेकवूनच तोल सांभाळावा लागतो. त्यासाठी हातमोज्यांच्या टोकांना कठीण आवरण असते. पादत्राणाखालील पातेही मध्यभागी न बसविता डावीकडे सरकवून बसवितात आणि वळणाच्या दिशेने किंचित वाकवितात. रिलेमध्ये प्रत्येक चमूच्या चौघीही बर्फावरच असतात. एक धावते, बाकीच्या आतील बाजूने फिरत राहतात, आणि पाळी आली की मागून आलेली सहकारिणी पुढच्या वाकलेल्या सहकारिणीला दोन्ही हातांनी जोराने पुढे ढकलते. शेवटचे दोन फेरे मात्र एकीनेच पुरे करावयाचे असतात.

अशा मार्गावर पुढे जाण्यास जागा थोडी असते. पुढची स्पर्धक आपली कक्षा बदलून वाट अडवीत आहे, की मागचीच नसलेल्या जागेत घुसत आहे, हे ठरविणे डोळ्यांना अत्यंत कठीण जाते. म्हणजेच ज्या परंपरेने घड्याळाऐवजी क्रम हा निकष मानला, तिला तो क्रम न्याय्य रीतीने लागला की नाही हे सांगण्यासाठी एका तिसऱ्या घटकाची गरज भासू लागली. तो घटक म्हणजे पंच होय. दीर्घ मार्गावरही पंच असतात, परंतु तेथे ते बहुतांशी साक्षीदार असतात; येथे ते न्यायाधीश असतात.

(४)

१९८८ मध्ये कॅलगरी येथे शॉर्ट ट्रॅकचा समावेश पुन्हा ‘प्रदर्शन’ म्हणूनच झाला. तेथे १००० मीटरमध्ये चीनची ली यान विजयी झाली. १९९२ मध्ये फ्रान्समधील आल्बर्टव्हिल येथे या प्रकारास पूर्ण मान्यता मिळाली, आणि ती पुरुष व स्त्रिया यांना एकाच वेळी मिळाली. दोघांना प्रत्येकी एक वैयक्तिक व एक रिले अशा दोन-दोन शर्यती होत्या. दीर्घ मार्गावर ज्यासाठी ३६ वर्षे लागली, ते येथे एका दिवसाच्याही अंतराविना घडले. लेक प्लॅसिडनंतर बरोबर ६० वर्षांनी, ज्या पद्धतीने स्त्रिया ऑलिंपिकच्या बर्फावर वेगाने धावल्या होत्या, त्याच पद्धतीने धावून त्यांना येथे पदके मिळाली. मात्र पुरुषांची रिले ५००० मीटरची आणि स्त्रियांची ३००० मीटरची, हा भेद तेव्हा केला गेला आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत तो तसाच राहिला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आल्बर्टव्हिलची रिले कॅनडाने जिंकली. अँजेला कुट्रोन, सिल्वी डेगल, नताली लँबर्ट आणि अ‍ॅनी पेरो यांचा तो चमू होता. त्यांतील डेगल ही दोन्ही परंपरांतून आलेली : दीर्घ मार्गावर तिने १९८० व १९८४ च्या ऑलिंपिकांत भाग घेतला होता, आणि शॉर्ट ट्रॅकमध्ये १९७९ ते १९९० या काळात पाच वेळा जगज्जेतेपद मिळविले होते. वैयक्तिक जगज्जेतेपदाच्या काळात ऑलिंपिकने या खेळाची दखलच घेतली नव्हती. दखल घेतली तेव्हा तिच्या वाट्याला आले ते सामुदायिक सुवर्णपदक.

५०० मीटरची अंतिम फेरी २२ फेब्रुवारीस झाली. अमेरिकेची कॅथी टर्नर ४७.०४ सेकंदांत पहिली आली, ली यान ४७.०८ सेकंदांत दुसरी, उत्तर कोरियाची ह्वांग ओक-सिल तिसरी आणि नेदरलँड्सची मोनिक व्हेल्झेबूर चौथी. पहिल्या दोघींतील अंतर सेकंदाच्या शंभर भागांपैकी चार भाग. सरासरी वेगाने हिशेब केल्यास ते सुमारे ४३ सेंटिमीटर भरते. टर्नर तेव्हा २९ वर्षांची होती. मध्यंतरी काही वर्षे खेळ सोडून तिने गायनाचा व्यवसाय केला होता व १९८८ मध्ये ती परतली होती. ह्वांगचे पदक उत्तर कोरियाच्या दृष्टीने ऐतिहासिक होते. त्या देशाचे हिवाळी ऑलिंपिकमधील त्यापूर्वीचे एकमेव पदक १९६४ मध्ये इन्सब्रुक येथे हान पिल-ह्वा हिने दीर्घ मार्गावर, ३००० मीटरमध्ये मिळविले होते. दोन पदके, दोन्ही स्त्रियांची, आणि त्यांतील एक घड्याळाच्या परंपरेतील तर दुसरे क्रमाच्या.

दोन वर्षांनी नॉर्वेतील हामार येथे हाच खेळ निराळ्या स्वरूपात दिसला. ५०० मीटरमध्ये टर्नर पुन्हा पहिली आली, चीनची झांग यानमेई दुसरी. टर्नरने आपला पाय धरला अशी झांगची तक्रार होती. ती मान्य झाली नाही, आणि पदकप्रदानाच्या वेळी झांग व्यासपीठावरून निघून गेली. निकालपत्रकात टर्नर ४५.९८, झांग ४६.४४ एवढेच लिहिलेले आहे. इतिहासलेखकासाठी यात एक धडा आहे. घड्याळाच्या शर्यतीचे निकालपत्रक हे त्या शर्यतीचे जवळजवळ संपूर्ण वर्णन असते. क्रमाच्या शर्यतीचे निकालपत्रक हा केवळ तिचा शेवट असतो. मध्ये काय घडले ते आकड्यांत उतरत नाही.

(५)

ज्या खेळात एकीची चूक दुसरीला भोगावी लागते, त्यात न्याय द्यावयाचा तर केवळ शिक्षा पुरी पडत नाही, भरपाईचीही सोय असावी लागते. म्हणून प्राथमिक फेऱ्यांत दुसऱ्याच्या चुकीमुळे मागे पडलेल्या स्पर्धकास पुढील फेरीत घेण्याचा अधिकार पंचांना आहे. अंतिम फेरीत स्थान न मिळालेल्यांसाठी वेगळी दुय्यम अंतिम फेरीही घेतली जाते. या तरतुदीचे परिणाम कधीकधी चमत्कारिक होतात. १९९८ मध्ये नागानो येथे ५०० मीटरच्या मुख्य अंतिम फेरीत पेरो व चीनची यांग यांग (एस) या दोघींनीच वैध रीतीने शर्यत पुरी केली. तेव्हा दुय्यम फेरी जिंकणाऱ्या कोरियाच्या चुन ली-क्युंग हिला ब्राँझपदक मिळाले. २०१८ मध्ये दक्षिण कोरियातील ऑलिंपिकात याहून विलक्षण प्रकार घडला. रिलेच्या मुख्य अंतिम फेरीत कॅनडा व चीन बाद झाले. दक्षिण कोरियाला सुवर्ण व इटलीला रौप्यपदक मिळाले, आणि ब्राँझपदक गेले दुय्यम फेरी जिंकणाऱ्या नेदरलँड्सकडे. त्या दुय्यम फेरीत डच चमूने ४ मिनिटे ३.४७१ सेकंद असा जागतिक विक्रम केला होता. घड्याळाच्या न्यायाने जो चमू पहिला, तो क्रमाच्या व पंचाच्या न्यायाने तिसरा ठरला.

अशा उदाहरणांवरून हा खेळ म्हणजे दैवाचा जुगार आहे, असा आक्षेप वारंवार घेण्यात येतो. २०१४ मध्ये सोची येथे ५०० मीटरच्या अंतिम फेरीत पुढच्या तिघी एकमेकींत अडकल्या व मागे असलेली चीनची ली जियानरू सुवर्णपदक घेऊन गेली; हे उदाहरण तर आक्षेपकांचे आवडते आहे. परंतु सबंध मालिका पाहिल्यास हा आक्षेप टिकत नाही. १९९२ ते २०२२ या काळात ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ५०० मीटर शर्यत नऊ वेळा झाली. त्यांतील सहा सुवर्णपदके अवघ्या तिघींनी मिळविली : टर्नरने १९९२ व १९९४ मध्ये, चीनच्या वांग मेंगने २००६ व २०१० मध्ये, आणि इटलीच्या अरियाना फोंतानाने २०१८ व २०२२ मध्ये. फोंतानाने तर २०१० पासून लागोपाठ चार ऑलिंपिकांत या एकाच अंतरावर पदक मिळविले, आणि २००६ ते २०२२ या काळात तिच्या एकूण पदकांची संख्या ११ झाली. दैव इतक्या सातत्याने एकाच व्यक्तीवर प्रसन्न होत नसते. पडणाऱ्यांच्या वाटेतून वेळीच दूर राहणे हेही या खेळातील कौशल्यच होय.

पूर्व आशियातील देशांचा उदयही याच रचनेच्या प्रकाशात पाहावयास हवा. दीर्घ मार्गासाठी लागणारे ४०० मीटरचे भव्य बर्फस्थान थोड्याच देशांपाशी असते; शॉर्ट ट्रॅकला एक साधे हॉकीचे मैदान पुरते. लांब टांगेपेक्षा वळणावरील तंत्राला येथे महत्त्व असल्याने पिढ्यान्‌पिढ्यांची युरोपीय परंपरा पाठीशी नसलेल्या देशांनाही थोड्या काळात वर येणे शक्य झाले. चीनचे हिवाळी ऑलिंपिकमधील पहिले सुवर्णपदक १६ फेब्रुवारी २००२ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे यांग यांग (ए) हिने ५०० मीटरमध्ये मिळविले. त्याच चमूत नागानोची ती दुसरी यांग यांग होती. लिपीत दोघींची नावे निराळी, परंतु रोमन अक्षरांत एकच, म्हणून निकालपत्रकात हे ‘ए’ आणि ‘एस’ जोडावे लागत. आठ वर्षांनी व्हँकूव्हर येथे स्त्रियांच्या चारही शर्यती चीनने जिंकल्या. त्या वेळी त्या संघाची प्रशिक्षक होती आल्बर्टव्हिलची रौप्यपदक विजेती ली यान. ज्या ४३ सेंटिमीटरांनी तिला हुकविले होते, त्यांची भरपाई तिच्या शिष्यांनी केली असे म्हणावयास हरकत नाही.

(६)

या वैभवाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. १९९२ च्या अंतिम फेरीत चौथी आलेली मोनिक व्हेल्झेबूर ही १९९३ मध्ये, हामार ऑलिंपिकच्या तोंडावर, फ्रान्समधील फाँ-रोमो येथे सराव करीत असताना आपटली. पाठीच्या कण्याला इजा होऊन तिच्या पायांची शक्ती कायमची गेली. पुढे ती छायाचित्रकार झाली. मैदानाभोवतीच्या भिंतींवरील गाद्या, शिरस्त्राण, मानेचे संरक्षक आवरण आणि पात्याने न कापला जाणारा पोशाख ही सारी या खेळात आज अनिवार्य समजली जातात. त्यांमागे कोणाकोणाची शरीरे आहेत, हे निकालपत्रक सांगत नाही. मोनिकची पुतणी झांड्रा व्हेल्झेबूर २०२२ मध्ये बीजिंग येथे रिले जिंकणाऱ्या डच चमूत होती.

सर्वच इजा बर्फावर होत नाहीत. १९९४ मध्ये रिलेचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या कोरियन चमूतील किम युन-मी अवघी १३ वर्षांची होती. इतक्या कोवळ्या वयात मुलींना प्रशिक्षकाच्या सर्वस्वी स्वाधीन करणाऱ्या व्यवस्थेत काय घडू शकते, हे पुढे उघड झाले. २०१४ व २०१८ च्या सुवर्णपदक विजेत्या रिले चमूंतील शिम सुक-ही हिने आपल्या माजी प्रशिक्षकाने कुमारवयापासून आपल्यावर मारहाण व लैंगिक अत्याचार केल्याचे जाहीर केले. जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट जगापुढे आली आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्या प्रशिक्षकास दीर्घ कारावासाची शिक्षा ठोठावली. ज्या देशाने पदकांचा अभिमान बाळगला, त्याला त्या पदकांची किंमत विचारण्यास एका खेळाडूने भाग पाडले. त्याच २०१८ च्या ऑलिंपिकात ५०० मीटरमध्ये कोरियाची चोई मिन-जोंग बाद ठरून ब्राँझपदक कॅनडाच्या किम बूटॅं हिला मिळाले, तेव्हा बूटॅंला धमक्यांचे संदेश आले. पंचाने दिलेल्या निर्णयाचा रोष स्पर्धक स्त्रीवर काढला गेला. पंचाच्या न्यायावर उभ्या असलेल्या खेळात प्रेक्षकांनाही न्यायबुद्धी लागते, हेच त्यातून सिद्ध होते.

(७)

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घड्याळ, क्रम आणि पंच यांपैकी विजयाचा खरा निर्णायक कोण? वरील विवेचनावरून दिसते की, यांपैकी कोणताही एक पुरेसा नाही, आणि बर्फावरील शर्यतींचा इतिहास म्हणजे या तिघांतील सीमा पुनःपुन्हा आखण्याचा इतिहास आहे. त्या सीमा अजूनही हलत आहेत. २०१८ मध्ये दीर्घ मार्गावरच, सर्वांनी एकत्र धावण्याची शर्यत ऑलिंपिकमध्ये अधिकृत झाली आणि स्त्रियांत ती जपानच्या नाना ताकागीने जिंकली. ज्या पद्धतीविरुद्ध थुनबेर्ग घरी बसला, तिला घड्याळाच्या घरात ८६ वर्षांनी जागा मिळाली. त्याच स्पर्धेत नेदरलँड्सच्या योरीन तेर मोर्स हिने दीर्घ मार्गावर १००० मीटरचे सुवर्णपदक मिळविले आणि दुय्यम फेरीतून आलेल्या त्या रिले चमूबरोबर शॉर्ट ट्रॅकचे ब्राँझपदकही मिळविले. एकाच पंधरवड्यात एकदा घड्याळाने तिला पहिली ठरविले, आणि दुसऱ्यांदा जगातील सर्वांत जलद वेळ देऊनही पंचांच्या निर्णयाने तिला तिसरे स्थान दिले. दोन्ही निर्णय आपापल्या परंपरेत न्याय्यच होते.

जीन विल्सन, एलिझाबेथ ड्युबॉइस व किट क्लाइन यांच्या शर्यतींनाही एका निर्णयानेच पदकांच्या यादीबाहेर ठेवले होते. तो निर्णय घड्याळाचा नव्हता, क्रमाचाही नव्हता. कोणाच्या धावण्याची गणना करावयाची हे ठरविणाऱ्यांचा होता. शर्यतीत पहिली कोण हे विचारण्यापूर्वी शर्यतीत कोणाला धरले होते हे विचारणे, एवढे पथ्य क्रीडेतिहासाच्या अभ्यासकाने पाळले तरी या तिघींना त्यांचे स्थान मिळण्यास प्रारंभ होईल.